सुनावणीचं शब्दशः इतिवृत्त

प्रिय आत्या,

लांबूनच वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात केला असं समज). तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढता येतो का? खरं काय ते कळव, उगाच "बरी आहे" म्हणू नकोस. आम्ही इथे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. वास्तविक दोन दिवस हे माझ्याशी बोललेले नाहीत आणि मला एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा ओट्याशी उभी राहून लिहिते आहे.

झालं असं की, आमच्या कार्यालयात पहिल्यांदाच जनसुनावणी भरली. विषय, रंगाच्या कारखान्याला कालव्यात पाणी सोडायची आणखी दहा वर्षं परवानगी द्यावी की नाही. (कालवा सोमवारी निळा असतो, गुरुवारी तांबडा. आमच्या गल्लीत कॅलेंडर कुणी घेत नाही.) नव्या कायद्याप्रमाणे प्रत्येकाचं बोलणं शब्दशः टाइप करून तीन दिवसांत फलकावर लावायचं असतं. लघुलेखिका मीच. साहेब सुरुवातीलाच म्हणाले, आपली लोकशाही अजून लहान आहे, तिला सांभाळून घ्या. (म्हणजे लवकर आटपा.) आणि तू तर तुझ्या टायपिंगच्या क्लासात माझ्या बोटांवर पट्टी मारून शिकवलंयस, जे कानावर पडेल तेच कागदावर, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. नाही घातली!

आमचे हे त्याच कारखान्यात रंगाच्या हौदावर आहेत, तुला माहीतच आहे. कामगारांच्या वतीने त्यांनाच उभं केलं. कारखाना बंद झाला तर आम्ही खायचं काय, असं खणखणीत बोलले. मागून शेजारच्या शिवणवाल्या काकू ओरडल्या, आणि चालू राहिला तर प्यायचं काय? आत्या, मला दोन्ही पटलं. मग हे खाली बसले आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "घरी मुलीला मीसुद्धा ते पाणी देत नाही." माइक चालूच होता. पुढे साहेबही कारखान्याच्या मॅनेजरच्या कानाशी लागले, "बोलू द्या हो त्यांना, आदेश सहीसकट तयार आहे." शब्दशः म्हणजे शब्दशः! खोकल्यांसकट सत्तावीस पानं झाली. साहेबांनी न वाचताच शिक्का मारला (इतिवृत्त वाचायचंही असतं, हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही). लोकांनी मात्र वाचलं. फलकापुढे अशी झुंबड उडाली की काच फुटली.

आता साहेबांनी चार पानांचं सुधारित इतिवृत्त पुढे ठेवलंय. त्यात सगळ्यांनी समाधान व्यक्त केलंय. सही केली नाही तर माझ्या बदलीचा आणि यांच्या नोकरीचा विचार करावा लागेल म्हणतात. पण मी तुझी शिष्या आहे. जीव गेला तरी सही करणार नाही, हे ठणकावून सांगते.

तुझी भाची

ता. क. : सही केली. आज दुपारी. मुलीचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर आलंय. रागावू नकोस. किंवा रागाव, पण पुढचं वाच.

दुसरा ता. क. : सोबतचा गठ्ठा ही मूळ इतिवृत्ताची कार्बन प्रत. शिवणवाल्या काकूंनी परवानगीच्या आदेशाविरुद्ध अपील केलंय. अपिलाचं कार्यालय तुझ्याच शहरात, तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. (गुडघ्यांची चौकशी का केली ते आता कळलं असेल.) शुक्रवारच्या आत स्वतः नेऊन दे आणि पोच घे. यात एकोणिसावं पान नाही. त्यावर यांचं पाण्याचं वाक्य आहे, म्हणून मी ते काढून घेतलंय.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवायला हे बसले. पानं मोजली, माझ्या पर्समधून एकोणिसावं पान काढलं आणि जागच्या जागी लावलं. तिथे कार्बन फिका उमटला होता, म्हणून स्वतःचं वाक्य पेनाने गिरवलं आणि खाली पूर्ण नावानं सही केली. माझ्या दुपारच्या सहीपेक्षा ती बरी आली आहे.