दोन श्रावणांतलं प्रोटीन

रविवार, १४ जुलै १९८५
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे.
बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी केली. म्हणजे यंदा गणपती मी आणायचा. गावचं घर बंद पडल्यापासून आमचा गणपती मुलुंडला बसतो. दीड फुटी, शाडूचा, भरीव. वजन पंधरा किलो. कारखान्यापासून घरापर्यंत डोक्यावरून, चालत, वाटेत कुठेही खाली न ठेवता. वर तीन मजले. बाबांनी तो आठ वर्षं असाच आणला.
चुलतभाऊ धाकू कुर्ल्याहून जेवायला आला होता. हा गोदीत पोती उचलतो. म्हणाला, विद्याला (म्हणजे मला) झेपणार नाही, मी आणतो. त्यावर बाबांनी निकाल दिला: ज्या घरचं माणूस डोक्यावरून आणील, त्या घरात गणपती बसेल. म्हणजे धाकूनं आणला तर गणपती कुर्ल्याला. कायमचा.
मग बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, तुज्यान जमतला काय? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला. माझी बायको नलिनी वाढत होती. काही बोलली नाही, म्हणजे तिलाही शंका नाही.
वजन (प्लॅटफॉर्मवरचं यंत्र): ४७ किलो. कार्डाच्या मागे भविष्य: ‘आपल्या हातून मोठे कार्य घडेल.’

सोमवार, १५ जुलै
ऑफिसात श्यामसुंदरला गाठलं. हा आमच्या डिस्पॅचचा विद्वान, मासिकातली कात्रणं जमवतो. म्हणाला, सगळा खेळ प्रोटीनचा. किलोमागे रोज एक ग्रॅम.
त्रैराशिक मांडलं. ४७ ग्रॅम खाणारा माणूस ४७ किलोचा. तर मग ७० ग्रॅम खाणारा ७० किलोचा. इतकं सोपं होतं आणि मी सदतीस वर्षं आमटी-भात खात बसलो.
एका अंड्यात सहा ग्रॅम. रोज एक डझन. वर दोन ग्रॅम देवाला.

बुधवार, १७ जुलै
पहिलं डझन आणलं. नलिनीनं उकडायला ठेवलं. बाबा आले, पातेल्यात बघितलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. आज आषाढी अमावास्या. उद्यापासून श्रावण. अंडं, मासळी, मटण बंद.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
मी म्हटलं, यंदाचा हा अधिक श्रावण, खरा पुढच्या महिन्यात. बाबा म्हणाले, अधिक झालो म्हणान काय तो श्रावण न्हय? म्हणजे दोन्ही पाळायचे. साठ दिवस. तोपर्यंत गणपती दारात.
मुदतीच्या आत सहा अंडी खाल्ली. उरलेली खालच्या चंद्रप्रकाशला दिली.

गुरुवार, १८ जुलै
रजा. पोट.

सोमवार, २२ जुलै
खचून जाणाऱ्यांतला मी नव्हे. कडधान्य. मोड आणून. नलिनी म्हणाली, मी बिरडं करतेच की. पण बिरड्यात खोबरं, गूळ, फोडणी, म्हणजे सायन्स मरतं. माझ्या मुगांना मोड मी स्वतः आणणार. घरात भिंतींनासुद्धा ओल आलेली, म्हणून रुमालात बांधून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. तिथे उबदार असतं.

शुक्रवार, २६ जुलै
तीन दिवस ड्रॉवर उघडायचं राहून गेलं. मोड आले, उत्तम आले, इनवर्ड रजिस्टरच्या शिवणीत शिरले. वासाचा उगम हेडक्लार्कनी शोधून काढला. मेमो मिळाला. मेमोत ‘धान्य’ असा शब्द आहे, ‘प्रोटीन’ असा नाही. हीच आपल्याकडची अडचण.

गुरुवार, १ ऑगस्ट
व्यायाम सुरू. पहाटे पाच. ही वेळ निवडायचं कारण म्हणजे आमच्याकडे नळाला पाणी फक्त तेव्हा आणि फक्त तळमजल्यावर येतं. नलिनी भरते. डोक्यावर हंडा, हातात बादली, आठ खेपा. त्या आवाजात झोप लागत नाहीच, तर दंड काढावेत.
घड्याळ लागत नाही. तिच्या दोन खेपांमध्ये माझा एक दंड होतो.

सोमवार, ५ ऑगस्ट
बादलीच्या कडीचा खडखडाट फार. एकाग्रता मोडते. नलिनीला सांगितलं. तिनं कडीला चिंधी बांधली. सहकार्य करते बिचारी.

रविवार, ११ ऑगस्ट
सोयाबीन. ४० टक्के प्रोटीन, मांसापेक्षा जास्त, असं श्यामसुंदरच्या कात्रणात आहे. दळून आणलं. पोळ्या झाल्या. बाबांनी एक घास घेतला आणि पोळी उलटी करून बघितली. मग नेहमीची कुळथाची पिठी आणि भात मागितला. नलिनीही पिठीच जेवली. मी एकटा सहा सोया पोळ्या. चव नवीन आहे. तेलाच्या डब्याची थोडी आठवण येते.
बाबांचं मला वाईट वाटतं. गिरणीत जन्म गेला, संप झाला, घरी बसले, पण खाणं तेच. विचारलं तर एकच: माका काय होयां, पिठी. कुळीथ हे घोड्यांचं खाद्य. कात्रणात कुळथापुढे २२ ग्रॅम छापलंय. अंड्याला शंभर ग्रॅममागे तेरा आणि कुळथाला बावीस? छपाईची चूक. पेनानं दुरुस्त केली.
वजन ४७. (भविष्य: ‘प्रवास टाळा.’)

सोमवार, १९ ऑगस्ट
दुसरा श्रावण सुरू होऊन आज पहिला सोमवार. घरात उपास. साबुदाण्यात प्रोटीन नाही, दाण्याच्या कुटात आहे. म्हणून खिचडीतले दाणे वेगळे काढून खाल्ले. आधी माझे, मग बाबांचे, मग कढईतले. नलिनी म्हणाली, तिला दाणे तसेही आवडत नाहीत. हे मला लग्नाला अकरा वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

शनिवार, २४ ऑगस्ट
प्रोटीन पावडरचा डबा आणला. चॉकलेट स्वाद. दुधातून दिवसातून दोनदा. आता मागे वळून बघणे नाही.

बुधवार, २८ ऑगस्ट
हवेनं पावडरचा दगड झाला. वरवंट्यानं फोडावी लागते. हाही व्यायामच, दंडांत धरला.

रविवार, १ सप्टेंबर
तालीम. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पंधरा किलोचा तांदळाचा डबा. गॅलरीत फेऱ्या.
पहिली फेरी शेजारच्या शकुताईंच्या दारापर्यंत. तिथे त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची होती म्हणून डबा खाली ठेवला. दुसऱ्या फेरीत गुडघ्याची चौकशी. तिसऱ्या फेरीत शकुताई म्हणाल्या, अरे विद्या, गुडघा बरा आहे रे, तू बस जरा, घामानं बघ कसा झालायस. बसलो. मोठ्या माणसांचा मान राखावा.
एकंदरीत अकरा पावलं सलग. कारखान्यापासून घरापर्यंत साधारण दोन हजार. पाया घातला गेला.
डबा घरात परत नलिनीनं आणला. मी चपला शोधत होतो.

रविवार, ८ सप्टेंबर
धाकू आला. मी मुद्दाम अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला. त्यानं माझा दंड चिमटीत धरून बघितला आणि नलिनीला विचारलं, वैनी, हेका ताप येऊन गेलो? मग म्हणाला, मखराच्या फळ्या टेम्पोतून कुर्ल्याला नेऊन ठेवू का, आयत्या वेळी धावपळ नको. तो वाईट नाही, खरंच काळजीनं बोलतो. त्यानंच जास्त लागतं.
संध्याकाळी बाबा रिकाम्या कोनाड्यापुढे उभे राहून चुना लावत होते. हळू, एका हातानं, दुसरा ऑपरेशनच्या जागेवर.
डोस दुप्पट करणार.

रविवार, १५ सप्टेंबर
वजन ४८½. पायात बूट, हातात छत्री आणि भरलेला डबा होता, पण त्या वस्तू माझ्याच आहेत. भविष्य: ‘स्त्रीमुळे भाग्योदय.’ भलतंच. बहुतेक कोणा दुसऱ्याचं कार्ड.
दोन्ही श्रावण संपले, पण बाबा म्हणाले गणपती जाईपर्यंत अंडं नाही. मी विचारलंच नव्हतं.

मंगळवार, १७ सप्टेंबर. सकाळी ६
आज. चार वाजता निघायचं.
पहाटे मोडाचे मूग वाटीभर, कच्चे. सोया पोळ्या चार. पावडर तिप्पट. शेंगदाणे मूठभर, परत मूठभर. एकूण ९१ ग्रॅम. रेकॉर्ड.
नलिनीचं आज हरतालिका. पाण्याचा थेंब नाही. पाणी मात्र भरलं, आठ खेपा. मी म्हटलं, आज जरा आराम कर, तू नुसती बरोबर चाल.

त्याच दिवशी, दुपारी ३
पोटात हालचाल जाणवते. शक्ती साठते आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
सविस्तर लिहिणं भाग आहे, नाहीतर लोक काहीही सांगतील.
कारखान्यात धाकूनं आणि मूर्तिकारानं मिळून मूर्ती माझ्या डोक्यावर दिली. मूर्तीच्या तोंडावर रुमाल. बाबा पुढे झांज घेऊन, मागे नलिनी, बाजूला धाकू. सुरुवात उत्कृष्ट. पोस्टापर्यंत मी स्वतः, कोणाचीही मदत न घेता आलो. बाबांनी वळून बघितलं आणि हसले. तेवढं हसू मी विसरणार नाही.
पोस्टानंतर मान आत जायला लागली. मंडईपाशी गुडघे. आणि मंडईच्या कोपऱ्यावर ९१ ग्रॅमनी एकदम उचल खाल्ली.
प्रसंग नाजूक आहे, नेमका लिहीत नाही. एवढंच, की एक मिनिटसुद्धा उभं राहणं शक्य नव्हतं आणि मूर्ती खाली ठेवणंही शक्य नव्हतं. मी थांबलो. झांज थांबली. धाकूनं दोन्ही हात पुढे केले. म्हणाला, दी माज्याकडे, विद्या, आता हट्ट नको. त्याच्या हातात दिली असती तर बाबांना कुर्ल्याला जाऊन दर्शन घ्यावं लागलं असतं, आयुष्यभर. बाबांनी मान खाली घातली.
तेवढ्यात माझ्या मानेवरचं ओझं गेलं. मला वाटलं मी पडलो. तर नलिनीनं मागून पुढे येऊन मूर्ती आपल्या डोक्यावर घेतली होती. कोणाला विचारलं नाही. पदर कमरेला खोचला, मान ताठ केली आणि उभी राहिली. धाकू म्हणाला, वैनी, बायकांनी कसा. दोन-तीन माणसं जमली. बाबांनी माझ्या डोक्यावरची चुंबळ काढली, मूर्ती हातभर उचलायला धाकूला लावली, चुंबळ तिच्या डोक्यावर नीट बसवली. म्हणाले, ही घरचा माणूस असा. आणि झांज वाजवायला लागले.
पुढचं मी पाहिलं नाही. मंडईमागे गेलो होतो.
चंद्रप्रकाश सांगतो, ती जिन्यातसुद्धा थांबली नाही. तिन्ही मजले एका दमात. वर दोन्ही हात सोडून कडी काढली, रोज हंडा घेऊन काढते तशी. तोंडात सकाळपासून घास नाही, पाणी नाही. प्रोटीन शून्य.
मी आलो तेव्हा गणपती कोनाड्यात होता.

बुधवार, १८ सप्टेंबर
शांतपणे विचार केला. मूर्ती खाली ठेवली गेली नाही. गणपती मुलुंडलाच बसला. म्हणजे योजना यशस्वी. मधल्या टप्प्यावर भार बदलणं हा योजनेचाच भाग म्हणता येईल.
आरतीला शकुताई नलिनीचे दंड दाबून बघत होत्या. विचारत होत्या, काय खातेस गं? नलिनी म्हणाली, पिठी.
कात्रणातली दुरुस्ती खोडली.

गुरुवार, १९ सप्टेंबर
दीड दिवसाचं विसर्जन. तळ्यापर्यंत तीच. मी छत्री धरली.

रविवार, २२ सप्टेंबर
बाबा म्हणाले, फुडच्या वर्सा तुकाच आणूचो असात तर डबे फेकून दी आणि उद्यापासून पाणी भर. अजून त्यांना वाटतं मला जमेल. हे ऐकून मला बरं वाटलं, आणि मग उगाच डोळ्यांत पाणी आलं. उरलेली पावडर वरवंट्यासकट माळ्यावर टाकली.
नलिनीला म्हटलं, उद्या तू झोप. आठही खेपा माझ्या. ती म्हणाली, बरं.

सोमवार, २३ सप्टेंबर
पहाटे पाच. हंडा घेतला नाही, सुरुवातीला घेऊ नये. फक्त बादली. काठोकाठ.
पहिल्या मजल्यावर खाली ठेवली. बादली खाली ठेवायला कोणाची बंदी नाही. चंद्रप्रकाशच्या दारातल्या तुळशीला थोडं पाणी घातलं, वजनही कमी झालं. दुसऱ्या मजल्यावर दोनदा ठेवली, एकदा कलंडली. तिसऱ्याच्या अर्ध्या जिन्यात बसलो. बसल्यावर तहान लागली.
वर पोचलो. नलिनी जागीच होती, दार उघडून उभी. तिनं वाकून बादलीत बघितलं आणि विचारलं, पाणी गेलं का?