संशयित मवालिमूची कैफियत

किसुमू, रविवार

राजमान्य राजश्री चि. हृषीकेश यांस काकाचे आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम; माझे चारित्र्य तेवढे अजून चौकशीवर आहे. नैरोबीच्या थंडीत तुझा खोकला कसा आहे? आणि लबाड माणसे हुडकणारे जे यंत्र तुमचे कार्यालय पोसते, त्याची प्रकृती? विचारतो, कारण गेल्या आठवड्यात आमची गाठ पडली.

शेजारच्या अडोयो मावशी गेल्या. (लहानपणी तुला काटे काढून मासा भरवणाऱ्या त्याच.) शनिवारी त्यांना गावी, नवऱ्याच्या अंगणात पुरायचे ठरले आणि वर्गणीचा खजिनदार म्हणून मला नेमले. (गुणांमुळे नव्हे; त्या गावात माझा एकही भाऊबंद नाही, म्हणून.) निरोप फिरला आणि सरोवरापासून समुद्रापर्यंतची माणसे माझ्या मोबाइलच्या खात्यात चहापुरते चहापुरते पैसे धाडू लागली. शेकडो अनोळखी माणसे आणि एक म्हातारा मास्तर! त्यात मी सगळी रक्कम शवपेटीच्या सुताराला एका दमात पाठवायला गेलो, आणि यंत्राने खातेच गोठवले.

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नी ताडतात, हे मी तुला शिकवले होते. (तू झोपला होतास.) धूर यंत्राने अचूक पाहिला, तो मर्तिकाच्या घरच्या चुलींचा होता, इतकेच. माझे कुतूहल पुढचे आहे. मोबाइल कंपनीच्या खिडकीवरच्या मुलीला विचारले, बाई, संशय नेमका कशाचा? तर म्हणाली, "ते यंत्र सांगत नाही, मवालिमू. आम्हालाही नाही." (मवालिमू म्हणजे इकडे मास्तर; मान मात्र राखला.) अरे, चोरालासुद्धा आरोप वाचून दाखवतात!

शुक्रवार उजाडला. पेटी सुताराकडे, मावशी शवागारात. त्यांची जाऊ अवुओर मला म्हणाली, "मास्तर, तुमचं ते यंत्र कधी कुणासाठी रडलंय का?" आणि चार बायका घेऊन तिने खिडकीसमोरच बसकण मारली व मोठ्याने शोकगीत धरले: मयताचे नाव, माहेर, सासर, कुणाकुणाला जेवू घातले, सगळे. मॅनेजर दटावायला बाहेर आले आणि नाव ऐकून थबकले. "अडोयो? आमच्या शाळेसमोर मासे तळायच्या त्या? अहो, त्यांच्यासाठी काल मीच पैसे पाठवले!" म्हणजे संशयास्पद मंडळींत तेही होते. मग खाते मोकळे करायला सही कुणाची, कुठे, हे प्रश्न भराभर सुटले.

मावशी वेळेवर नवऱ्याशेजारी विसावल्या. पण मला सांग, यंत्राला लबाडी शिकवताना तुम्ही मर्तिकाची वर्गणी एकदा तरी दाखवली होती का? आणि जिथे मॅनेजरच्या शाळेसमोर कुणी मासे तळलेले नसतात, तिथे पेटी कोण सोडवते?

तुझा (सध्या निर्दोष) काका

ता. क. गावात हिशेब जाहीर वाचला. पै न् पै जुळली. तरी अवुओर म्हणालीच, "जुळली खरी. पण एवढं शिकलेलं यंत्र उगाच कशाला संशय घेईल?" तेव्हा 'यंत्र चुकले' असे कार्यालयाच्या शिक्क्यानिशी लिहून धाड. पत्र त्यासाठीच लिहिले.

पुन्हा ता. क. हिशेबात तुझे नाव कुठे आले नाही. तू तर फोनवर "आत्ता पाठवतो" म्हणाला होतास. यात तुमच्या यंत्राला काहीच संशयास्पद वाटले नाही. अवुओरला वाटले आहे.