खुंटीवरचा आवाज

४ मार्च, मंगळवार
धाकट्याचे दोन्ही कान निम्म्याहून जास्त गेले! भावजयीने हट्टाने त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर हे निघालं. तपासणीच्या कागदावरची रेघ मधेच विहिरीत पडल्यासारखी खाली. एकोणीस वर्षं पत्रे ठोकणाऱ्या मोठ्या प्रेसवर. त्या शेडचा मुकादम मी — मीच चिकटवला तिथे सख्ख्या भावाला.
भावजय सांगायची, तीन हाका मारल्या की चौथीला ओ देतात, तीही भलत्याच प्रश्नाला. आम्ही हसायचो.

५ मार्च
कारखान्याचे साहेब म्हणाले, भरपाई मिळणार नाही. मागल्या वर्षीच्या सरकारी मोजणीत आमच्या शेडचा आवाज एकाहत्तर डेसिबल. "एवढ्यात कान जात नाहीत, मुकादम." प्रेसभोवती आवाज अडवणारी पेटी बसायची होती, तीही याच आकड्यावरून रद्द केली म्हणे.
एकाहत्तर! तिथे तर शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं.
आणि मग आठवलं. 
मोजणीच्या दिवशी प्रत्येकाच्या कॉलरला छोटं यंत्र लावून दिलं होतं. पूर्ण पाळी अंगावर ठेवायचं. वायर बाहीत अडकायची, माणसं वैतागली. मीच म्हटलं, कशाला जिवाला ताप? विश्रांतीच्या खोलीत खुंट्यांना टांगा, सुटताना घालून परत करा. केवढी माया केल्यासारखं वाटलं होतं मला! आठ तास ती यंत्रं पंख्याची घरघर मोजत बसली.

६ मार्च
विश्रांतीच्या खोलीत जाऊन खुंट्या मोजून आलो.

८ मार्च, शनिवार
भावजयीच्या अर्जावरून चौकशी झाली. सरकारी मोजणीवाल्या बाईंनी धाकट्याला कागदावर लिहून विचारलं — यंत्र दिवसभर अंगावर होतं का? माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो. काढलंच नाही."
 स्वतःच्या हाताने स्वतःची भरपाई बुडवली — माझ्यासाठी! निवृत्तीला माझे चार महिने उरलेत ना.
जिन्यात गाठलं त्याला. म्हणाला, "दादा, माझं गेलंय ते परत येणार नाही. तुझं तरी राहू दे."

९ मार्च
बाईंना खरं काय ते पत्र लिहिलं. तीन कागद फाडले. हिला वाचून दाखवलं. ऐकता ऐकता भाजी निवडत होती. मग म्हणाली, "भावजी खोटं बोलले असं नका लिहू. घाबरले लिहा." तसं केलं. पाकीट तिनेच चिकटवलं.

१७ मार्च
पुन्हा मोजणी. बाई स्वतः दिवसभर उभ्या, यंत्रं प्रत्येकाच्या खांद्यावर. मोठ्या प्रेसपाशी एकशे एक! पेटी बसेपर्यंत प्रेस चालवायचा नाही असा हुकूम. धाकट्याचं प्रकरण पुन्हा उघडलं. साहेबांनी मला घरी बसायला सांगितलं. बसेन की. छातीवरचा धोंडा तर उतरला.
धाकटा बोलत नाही माझ्याशी.

१९ मार्च
बाई घरी आल्या होत्या. बसल्या नाहीत, उभ्यानेच बोलल्या. मागल्या वर्षी कारखान्याच्या बाकीच्या तिन्ही शेडमध्येही यंत्रं खुंट्यांनाच होती. कुणी शिकवलं विचारलं तर सगळीकडे माझंच नाव — कौतुकाने सांगत होते म्हणे, आमच्या मुकादमांची युक्ती. एकशे चाळीस माणसं. उद्यापासून एकेकाचे कान तपासणार.