लाल-हिरवे अणू

३ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहिणार. पुढे मुलाखती द्याव्या लागतील तेव्हा उपयोग होईल.
राजारामपुरीतल्या केरबासरांच्या क्लासला राजीनामा दिला. अकरावीचं फिजिक्स शिकवू देत कोणीतरी. आपण आता क्वांटमवाले. लेझरने एकेक अणू धरून गणित करणारे कॉम्प्युटर निघालेत. ते अणू कसे पळतात हे स्क्रीनवर दाखवणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्यात कोणीही हातभार लावावा. माझा कोड घेतला की सहा महिन्यांची फेलोशिप, घरबसल्या. न घ्यायला झालंय काय?

५ नोव्हेंबर
कोड तयार. शांत अणू लाल, चेतवलेला हिरवा. आपल्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे रंग. कोच अमरसिंहला दाखवलं. त्याला ते ठिपके खेळाडूच वाटले. म्हणाला, बॅक लई म्होरं गेल्यात की. समजावत बसलो नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी
प्रोजेक्टवाल्या जर्मन बाईंचं उत्तर. काम उत्तम. पण लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही, तर शुक्रवारपर्यंत निळा-पिवळा करा.
निळा-पिवळा! पलीकडच्या तालमीचा! हात झडले तरी करणार नाही.
बायको म्हणाली, दोन ओळी बदलायच्या हायत न्हवं, बदला की. शिवगंगाचं माहेर जयसिंगपूर. तिला काय कळणार पेठेचं?

११ नोव्हेंबर
बाईंना लांबलचक ईमेल. तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून कळवलं. ताठ माणसाला परदेशात किंमत असते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
उत्तर नाही. विचारात पडल्या असणार.

१७ नोव्हेंबर
माझा कोड घेतला. रंग दुसऱ्याच कोणीतरी बदलून दिले. फेलोशिप त्याला. सांगितलेलं ऐकणारा माणूस हवा होता म्हणे. माझे आभार मानलेत.
काही वाटलं नाही. पोहे खाल्ले. मीठ कमी होतं, तरी संपवले.

१९ नोव्हेंबर
केरबासरांकडे सहज डोकावलो. म्हणाले, या पावणं. सकाळी सहाची बॅच दिली. ती कोणी घेत नाही.

२३ नोव्हेंबर
सीझनची पहिली मॅच. आपली टीम उतरली निळ्या-पिवळ्या जर्सीत. पलीकडच्यांनी यंदा टीमच काढली नाही. त्यांचा स्पॉन्सर शिवून तयार जर्सी घेऊन आपल्याकडे आलाय. अमरसिंह म्हणाला, रंगात काय असतंय सर, गोल झाल्याशी मतलब.
एक जर्सी उरली होती, ती मला दिली. गार वारं सुटलं होतं. घातली.