आबांचं घोंगडं कुणाकडे गेलं

प्रिय आबा,

मागच्या पत्रात मी तुम्हाला चुकीचं लिहिलं. आईनं तुमचं घोंगडं बाजारात विकलं, असं लिहिलं होतं. तिनं ते विकलेलं नाही. मेंढरांमागे बसून मला अक्षरं शिकवताना तुम्हीच म्हणायचात ना, "चुकलेलं पुसायचं न्हाई, खाली बराबर लिव्हायचं"? म्हणून पुन्हा लिहिते आहे.

पण संशय का नाही येणार? तुमच्या दहाव्यापर्यंत आई एकदाही मोठ्यानं रडली नाही. अकराव्या दिवशी खुंटी रिकामी! विचारलं तर म्हणाली, "हाय कुठंतरी. तुला काहून चौकशी?" एका सकाळी मी हापशावरून लवकर आले, तर दार आतून लावलेलं. फटीतून पाहिलं. भिंतीला टेकून नुसती बसली होती. घोंगड्याचे पैसे लपवते आहे, असंच मला वाटलं.

बूथवरून कळमनुरीला आत्याला फोन केला. "आईनं आबांचं घोंगडं विकलं वाटतं." त्यातलं 'वाटतं' आत्यानं ऐकलंच नाही. "माझ्या भावाला जाऊन पंधरा दिस न्हाई झाले! त्या घरचं पाणी बी पिणार न्हाई आता." सव्वा महिन्याच्या कार्यक्रमाला ती येणार नाही.

काल हापसा बंद होता, म्हणून मी सकाळी घरीच, अंगणात होते. समोरून मेंढरं निघाली आणि पुढे तुम्ही! तीच चाल, तेच घोंगडं. "आबा!" अशी हाकच मारली मी.

काका वळले. "मी हाय गं. दादा गेल्यापून मेंढरं वाडग्याभाईर निघंनात. वैनीनं ह्ये माझ्या अंगावर टाकलं, तवा कुठं मागं आली."

बंद दाराआडून आईनं विचारलं, "गेले का गं?"

"तू सांगितलं का नाहीस?"

"पाठमोरे तुझ्या बापावानीच दिसतात. मला बघवत न्हाई. तुला सांगितलं असतं तर तू बी दार लावून बसली असतीस. मग पाणी कुणी आणलं असतं?"

आबा, रडणं मलाही जमलं नव्हतं. तुम्ही गेलात, त्याचा राग कुणावर काढायचा? आई समोर होती. तिच्यावर पाळत ठेवली की दिवस जायचा.

आत्यानं काय ऐकलंय ते आईला कळलंय. मला एका शब्दानं बोलली नाही. कार्यक्रम रविवारी आहे. आत्याला फोनवर सांगणार नाही, फोनवर माझे शब्द गळतात. तिच्या दारात उभी राहून, तिच्या सासूसमोर सांगेन की खोटं मी बोलले. परवा, गुरुवारी, सकाळच्या पहिल्या एसटीनं निघते.

तुमची,
सुमन