मोकळ्या जागेचा फोटो

मनवेलपाडा, विरार पूर्व
रविवार

प्रिय ग्रेसी,

फोन उचलला की तू आधी हसतेस आणि मग मला मुद्दाच सुचत नाही, म्हणून हे कागदावर. तुझी लेक डायना माझ्या ऑफिसात छान रुळली आहे. मी तिला शिकवते आहे की बिझनेस प्रपोजल म्हणजे लग्नाचं स्थळ सुचवणं नव्हे, उगाच गोडवे गायचे नाहीत. समोरच्याची अडचण काय, आपण काय करणार, त्याला काय मिळणार, आणि प्रत्येक दाव्याखाली पुरावा. परवा तिने ‘अत्यंत निसर्गरम्य’ लिहिलं, मी खोडलं. तोंड वाकडं केलं तिनं, अगदी तुझ्यासारखं.

मी या कामात तरबेज आहे गं. लिहिणारे दुसरे असतात, पण बाहेर जाण्याआधी प्रत्येक प्रपोजल माझ्या लाल पेनाखालून जातं. नोकरीवर घेतानाच साहेब म्हणाले होते, तू अर्नाळ्याची, तुला किनारा माहीत. केवढं बरं वाटलं होतं मला! कपड्यांना बोंबलांचा वास येतो म्हणून कॉलेजात मागच्या बाकावर बसायचे मी, आणि इथे कुणी गावामुळेच नोकरी देत होतं. आठवतं, शाळेआधी आपण दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगायचो? तुझा हात चालायचा, माझं तोंड. माझी आई ओरडायची, “पोरी, तोंडानं सुकनार हाय का म्हावरं?”

गेल्या महिन्यात एका रिसॉर्टवाल्याचं काम आलं. किनाऱ्यावर कॉटेजेस बांधायची आहेत. जागा कुठली, तर आपली वाळवणाची. पहिल्याच पानावर फोटो आहे, लांबच लांब वाळू, एक काठी नाही, एक बाई नाही. खाली ओळ, ‘वापरात नसलेली मोकळी जागा’. फोटो ऑगस्टमधला. पावसाळ्यात आपण बांबू उतरवून घरामागे रचून ठेवतो, हे बाहेरच्या माणसाला कुठून कळणार? मी समासात लिहिलं की पाऊस सरला की इथे काठ्या उभ्या राहतात आणि मे महिन्यापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. प्रपोजल पक्कं होऊन परत आलं तेव्हा माझा शेरा गायब होता. नाव मात्र होतं. ‘पडताळणी : विनिता, मूळ रहिवासी, अर्नाळा.’

तशीच साहेबांकडे गेले. ते चिडलेसुद्धा नाहीत, चहा मागवला. फोटो खोटा आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मला नाही म्हणावं लागलं. मग झालं तर, म्हणाले. ग्रेसी, मी तो चहा पिऊन बाहेर आले. विघ्नेशची कंपनी बंद पडल्यापासून घर माझ्या पगारावर चालतं. डायनाला तिथे मीच चिकटवलंय. राजीनामा दिला तरी नाव त्या पानावर राहणारच, वर हेच लोक सांगतील की बाई रुसून गेली. इकडे आड, तिकडे विहीर. घरी विघ्नेश विचारतो, गप्प का, तर मी डोकं दुखतंय म्हणते. रोज कुणाचं डोकं दुखतं का? पण तोही बिचारा बाम आणून देतो आणि मला आणखीच रडू येतं.

येत्या शुक्रवारी सकाळी विरारला याची जाहीर सुनावणी आहे. नोटीस लावलीय, पण कुणी वाचू नये अशाच ठिकाणी. प्रपोजल मांडणार मी, स्थानिक म्हणून. तू चार बायका आणून आरडाओरडा केलास तर विरोधाला विरोध म्हणून लिहून घेतील आणि विसरतील. तसं करू नकोस. माझं बोलणं संपलं की उभी राहा आणि सगळ्यांदेखत मलाच विचार, हा फोटो कोणत्या महिन्यातला आणि डिसेंबरात तिथे काय असतं. आपणहून बोलायचं धाडस माझ्यात नाही, प्रयत्न करून पाहिला. पण तू विचारलंस तर तुझ्या तोंडावर मला खोटं बोलता येणार नाही. त्यानंतर माझी नोकरी जाईल, कदाचित डायनाचीही, तेव्हा तिच्याशी बोलून ठरव. आणि आलीस तर माझी कीव करू नकोस. मी अडखळले, तर पुन्हा विचार.

तुझीच,
विनिता