हिरव्या थेंबावर पाळत

३ मार्च, सोमवार. अमरावती.

अँटिबॉडी आली. परदेशातून मुंबई, मुंबईहून अमरावती, सगळा प्रवास बर्फात. आणि नेमका त्याच वेळी मी खाली पानठेल्यावर. पार्सल संध्याने घेतलं. संध्या इंगळे, पातूरची, माझ्यासोबतच ज्योत्स्ना मॅडमकडे पीएच.डी. करते. नुसतं घेतलं नाही, उघडलंसुद्धा. विचारलं तर म्हणे, बर्फाचं पाणी होऊन राहिलं होतं, तुयी वाट कितीक पाहू.

डबा थर्माकोलचा, आत टरबूज मावेल एवढा. त्यात ट्यूब करंगळीच्या पेराएवढी, आणि तीही काळपट तपकिरी. आत काही आहे की नाही तेच कळत नाही. एवढ्या डब्यातून एवढंच निघालं यावर माझा विश्वास नाही.

४ मार्च

व्हायवात अडखळू नये म्हणून स्वतःलाच सोपं करून लिहितो. पेशीत स्टॅट-थ्री नावाचं एक प्रथिन असतं. एरवी ते केंद्रकाच्या बाहेर गप्प बसतं. चिडलं की केंद्रकात घुसतं आणि वाढा, वाढा असे हुकूम सोडतं. कॅन्सरच्या गाठीत हेच चालतं. माझी अँटिबॉडी फक्त त्यालाच जाऊन चिकटते. तिला हिरवा चमकणारा रंग लावलेला आहे, म्हणून मायक्रोस्कोपखाली साहेब कुठे बसलेत ते दिसतं. तोंडाच्या पेशींना खर्र्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या आपल्या मिश्रणाचं, पाणी पाजायचं आणि हिरवा रंग केंद्रकात गेलेला दाखवणारा फोटो काढायचा. बस, प्रबंध झाला.

२१ एप्रिलला कमिटी. दोन मुदतवाढी घेऊन झाल्यात, तिसरी नाही. फोटो दाखवला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, असं मॅडमनी स्वच्छ सांगितलं. दुसरी ट्यूब मागवायला ग्रँटही नाही. मला काळजी वाटत नाही. वेळ भरपूर आहे.

आजपासून खर्रा बंद. ज्यावर संशोधन तोच गालात, बरं दिसत नाही.

६ मार्च

तपकिरी ट्यूबमधून पातळी दिसत नाही, म्हणजे कोणी घेतली तरी कळायचं नाही. कंपनीने अशी ट्यूब कोणाच्या सोयीसाठी बनवली असेल? सगळा माल स्वच्छ पारदर्शक ट्यूबमध्ये काढला. बाहेरून मार्करने रेघ मारली. आता कारभार उघडा.

संध्याने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. म्हणे, त्या काळ्या ट्यूबीतच राहू देना, नाही तर फॉइल तरी गुंडाळ. मी म्हटलं, का बरं? म्हणे, उजेडानं रंग उडते.

मला हे माहीत नाही असं तिला वाटतं. एम.एस्सी.ला मला फर्स्ट क्लास होता. रंग उडतो तो मायक्रोस्कोपच्या दिव्याने. फ्रिजमधला उजेड थंड असतो.

११ मार्च

ट्रायल घेतली. साध्या पेशींवर, खर्रा न देता. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि काळ्याभोर पडद्यावर हिरव्या पेशी उगवल्या, एकेक अशी की नजर काढवेना. मला खरंच भरून आलं. मागे संध्या उभी होती. म्हणाली, मस्त आली रे, आता खर्रावाल्या पण उद्याच करून टाक. सेल मी लावून देतो, मले इन्क्युबेटरमधी जायचंच आहे.

एवढी घाई हिला का? आणि माझ्या पेशींना हात लावायची ऑफर कशासाठी? नको म्हणालो.

आनंदात खर्रा खाल्ला. एकच.

१२ मार्च

पातळी रेघेच्या खाली. हे मी म्हणतच होतो. काल मी वापरली, पण वापरली थोडी आणि कमी झाली जास्त.

संशयित दोन. एक संध्या. तिचा विषय कपाशीच्या मातीतले बॅक्टेरिया, तिला या अँटिबॉडीचा काडीचाही उपयोग नाही. कोणाला संशय येऊ नये म्हणूनच तिने असा विषय घेतला असणार. दुसरे गफ्फारभाई, आमचे लॅब अटेंडंट. ते फ्रिजमध्ये दह्याचा डबा ठेवतात. त्यांना विचारलं, फ्रिज दिवसातून किती वेळा उघडता? म्हणे, भाऊ, दही लागंल तवा. उत्तर टाळलं.

१७ मार्च

प्रयोग या आठवड्यात करायचा होता. पण आधी सुरक्षा. चोर मोकळा असताना प्रयोग करणं म्हणजे त्याला वाट दाखवणं.

आताच्या पातळीवर नवी रेघ मारली आणि रोज सकाळी आणि संध्याकाळी ट्यूबचा फोटो काढायचं ठरवलं. फ्लॅश मारून, म्हणजे रेघ स्पष्ट येते.

२७ मार्च

फोटो जमले बरेच. पातळी स्थिर आहे. याचा अर्थ चोर सावध झाला.

मॅडमनी विचारलं, पेशींना खर्रा दिला का. म्हटलं, तयारी चालू आहे. मॅडम म्हणाल्या, प्रीतम, तयारी चारेक वर्षं चालू आहे. मॅडमचे आणि संध्याचे संबंध जरा जास्तच चांगले आहेत असं मला वाटतं. दोघी बोलत असल्या आणि मी गेलो की गप्प होतात.

खर्रा पुन्हा सुरू. प्रयोगासाठी ताज्या मालाची ओळख लागतेच.

२ एप्रिल

फोटोत दोन वेळांमधला काळ सुटतो. कायमची पाळत हवी. आमच्या फ्रिजला काचेचं दार आहे, दुकानात कोल्ड्रिंकच्या फ्रिजला असतं तसं. समोरच्या टेबलावर जुना मोबाईल चार्जिंगला लावून उभा केला. ॲप टाकलं. आता कुठूनही फ्रिज दिसतो.

अडचण एकच, दिवा बंद असला की आत काळोख. आतला एलईडी दिवा कायम चालू राहील असं बटण टेपने दाबून बसवलं. ट्यूब वरच्या कप्प्यात, दिव्याच्या अगदी खाली ठेवली. चित्र इतकं सुंदर येतं की रेघसुद्धा वाचता येते.

५ एप्रिल

संध्याने बटणावरची टेप काढली. मी पुन्हा लावली. तिने मला बोलावून समजावलं, की काहून असा करून राहिला, दिवा बंद ठेव, तुयंच नुकसान होईल, मले त्याच्यात काय भेटते. मी शांतपणे ऐकून घेतलं. ही मुलगी महिनाभर फक्त काळोख मागते आहे. प्रामाणिक माणसाला काळोख कशाला लागतो?

टेपवर दुसरी टेप लावली.

१० एप्रिल

पेशी वाढत ठेवल्या होत्या, त्यांना बुरशी लागली. तीन दिवस माझं तिकडे लक्षच नव्हतं, सगळं मोबाईलवर. बुरशी आपोआप लागते की लावली जाते, हा प्रश्नच आहे. संध्या म्हणाली, मायाकडं तुयाच सेलच्या जास्तीच्या प्लेटा आहेत, घे. घेतल्या नाहीत. मग घेतल्या, पण तिच्यासमोर नाही.

१३ एप्रिल, रविवार. अकोला.

जयंतीसाठी घरी. घराला लायटिंग, गल्लीत निळे झेंडे, रात्री बाराला केक. आई, म्हणजे आमची माणिकबाई, येईल त्या पाहुण्याला सांगते की पोरगा क्यान्सरवर औषध काढून राहिला, ह्या म्हयन्यात डॉक्टर होते. मी तिला थांबवत नाही. ढोबळमानाने बरोबरच आहे.

दुपारी जेवताना मोबाईल पाहिला. फ्रिजमध्ये संध्या. रविवारी. ट्यूब उचलली, डोळ्यांसमोर धरली, मान हलवली, परत ठेवली. मग टेप काढली आणि चित्र काळं झालं.

गफ्फारभाईंना फोन केला, लगेच लॅबमध्ये जा आणि दिवा लावा. ते म्हणाले, भाऊ, इतवार आहे, पाहुणे बसले हायत, आन् फ्रिजचा दिवा लावाले मी गाडगेनगरातून येऊ का? पण गेले बिचारे. दिवा लावला. तासाभराने चित्र आलं.

१४ एप्रिल

राहवलं नाही. सकाळच्याच बसने निघालो. मिरवणूक पाहिली नाही. आई म्हणाली, वरसातून एक दिवस येते तू, अन् बाबासायबाच्या दिवशी चालला. पिशवीत डबा ठेवला. मूर्तिजापूरपर्यंत मला चैन पडलं नाही. पण विज्ञानात भावना आणून चालत नाही.

ट्यूब जागेवर. पातळी रेघेवर. म्हणजे तिने काढून तेवढंच पाणी घातलं.

१६ एप्रिल, बुधवार

मोठा दिवस. पेशींना खर्र्याचं पाणी पाजलं. अँटिबॉडी लावली. अंधाऱ्या खोलीत बसलो. मॅडमही आल्या, संध्याही.

पडदा काळा.

फोकस बदलला. लेन्स बदलली. स्लाइड बदलली. पेशी आहेत, साध्या उजेडात दिसतात. हिरवं कुठेच नाही. ठिपकासुद्धा नाही. मॅडम उठून गेल्या.

माझी खात्री झाली. बदलली. उद्या सगळे पुरावे मॅडमसमोर ठेवणार.

१७ एप्रिल

ठेवले. मोबाईलमधले सगळे फोटो मॅडमच्या कॉम्प्युटरवर टाकले आणि तारखेने लावले. मी पातळीची रेघ दाखवत होतो. मॅडम रेघेकडे पाहतच नव्हत्या. त्या म्हणाल्या, हा फ्लॅश आहे का? म्हटलं, हो. रोज? म्हटलं, दोनदा, शिस्त म्हणून. मग फ्रिजचं चित्र पाहिलं. दिवा किती दिवस असा होता विचारलं. मी म्हटलं, अखंड, एक मिनिटही खंड नाही, रविवारचा तासभर सोडून, आणि त्यालाही संध्या जबाबदार.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, प्रीतम, कोणी चोरली नाही, कोणी बदलली नाही. तू तिला उजेडात भाजून मारली.

हे मॅडमचं मत झालं.

मग त्यांनी आपल्या केबिनमधला छोटा फ्रिज उघडला, ज्यात त्यांचे डोळ्यांचे थेंब असतात. त्यातून फॉइलमध्ये गुंडाळलेली एक ट्यूब काढली. पार्सल आलं त्याच दिवशी, मी वर यायच्या आधी, संध्याने मॅडमना विचारून चौथा हिस्सा बाजूला काढून ठेवला होता. माझ्यासाठी. मला का सांगितलं नाही, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, सांगितलं असतं तर या ट्यूबवरपण पहारा बसवला असता. एका प्रयोगापुरती आहे, शनिवारी संध्याला सोबत घेऊन कर, तोवर ही इथेच राहील.

संध्या दारात उभी होती. तिच्याकडे पाहायची मला लाज वाटली. खरंच वाटली. ती एवढंच म्हणाली, जाऊ दे न, प्लेटा तयार आहेत मायाकडं.

१९ एप्रिल, शनिवार. सकाळ.

मॅडमनी ट्यूब हातात दिली आणि सरळ अंधाऱ्या खोलीत जा म्हणाल्या. संध्या खाली कल्चर रूममध्ये पेशी धुते आहे. कमिटी परवा. खर्रा बंद केला, कालपासून, मनापासून.

एक विचार येतो. फॉइलच्या आत काय आहे हे मी पाहिलेलं नाही. कोणीच पाहिलेलं नाही. मला संशय नाही, पण शास्त्रज्ञाने न पाहता विश्वास ठेवू नये. खरी अँटिबॉडी असेल तर भर उजेडात तिला पिवळसर हिरवी झाक दिसते. नुसतं बफर, म्हणजे क्षारांचं साधं पाणी, असेल तर दिसणार नाही.

१२.४०

फॉइल काढली. खिडकीच्या कठड्यावर उन्हात ठेवून पाहिली. झाक आहे. अगदी स्पष्ट, कोवळ्या हरभऱ्यासारखी.

खरी आहे. संध्या खरी आहे. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. इतके दिवस मी त्या मुलीबद्दल काय काय लिहिलं. हे तिला आत्ताच्या आत्ता तोंडावर सांगितलं पाहिजे.

२.४५

सांगितलं. माफी मागितली. ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले. म्हणे, मले वाटलं तू जन्मभर नाही बोलशीन. डबा उघडला तिने, भाकर आणि ठेचा. महिन्याभरात पहिल्यांदा सोबत जेवलो. तिने तिच्या कपाशीच्या बॅक्टेरियाबद्दल सांगितलं, मी पहिल्यांदाच ऐकलं. चांगला विषय आहे. निघताना म्हणाली, तू ट्यूब आण, मी प्लेटा घेऊन येतो वर.

वर आलो. कठड्यावर ऊन अजून तसंच आहे. ट्यूब हाताला गरम लागते. आत पाण्यासारखं स्वच्छ दिसतं.

संध्या अंधाऱ्या खोलीतून हाक मारून राहिली, की ये लवकर, सेल रेडी हाय.